गाणारा नटच वाजवणारा: जुने संगीत नाटक नव्याने उभे करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील हौशी संस्था, महाविद्यालयांचे नाट्यगट आणि भजनी मंडळांतून नाटकाकडे वळलेले कलावंत यांच्यासाठी ही माहिती आहे. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात किंवा विंगेत वादक बसवायचे नाहीत, पात्रांनीच गायचे आणि पात्रांनीच वाजवायचे, या पद्धतीने जुने संगीत नाटक कसे बसवायचे याची ही उत्तरे आहेत. उदाहरणांसाठी बहुतेक ठिकाणी अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘संगीत सौभद्र’ (पहिला प्रयोग 1882) घेतले आहे. त्याची सुभद्राहरणाची कथा सर्वांना ठाऊक आहे आणि ते या पद्धतीला उत्तम मानवते.

ही पद्धत परदेशातून आली आहे का?

परदेशात ती गाजली हे खरे. इंग्लंडमधील न्यूबरीजवळच्या वॉटरमिल थिएटरमध्ये दिग्दर्शक जॉन डॉइल यांनी 2004 मध्ये ‘स्वीनी टॉड’ ही 1979 ची संगीतिका अशी केली, की वेगळा वाद्यवृंद ठेवलाच नाही. नटांनीच व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजवले. पुढच्याच वर्षी ती ब्रॉडवेवर गेली आणि तिथे पॅटी ल्युपोन यांनी भूमिका करता करता ट्युबा वाजवला.

आपल्याकडे मात्र संबळ वाजवत कथा लावणारा गोंधळी, डफ-तुणतुण्यावर पोवाडा गाणारा शाहीर, दिमडी वाजवणारा वाघ्या आणि चिपळ्या-टाळ घेऊन भारूड रंगवणारा सोंगाडी हे सगळे मुळातच वाजवणारे नट आहेत. तुळजापूर, माहूर, पैठण, माळेगाव या भागांत वाढलेल्या प्रेक्षकाला पात्राच्या हातात वाद्य दिसले तर खटकत नाही. त्याला खटकते ते वाद्य पात्राशी न जुळणे.

कोणते नाटक निवडावे?

तीन गोष्टी पाहा: पात्रे किती आहेत, वाद्ये कथेत आपोआप शिरू शकतात का, आणि हक्क कोणाकडे आहेत.

‘सौभद्र’ पहिल्या दोन कसोट्यांवर सहज उतरते. नारदाच्या हातात वीणा आणि चिपळ्या आहेतच, कृष्णाकडे बासरी आहे. अर्जुन यतिवेष (संन्याशाचे सोंग) घेतो, म्हणजे एकतारी त्याच्या सोंगाचाच भाग होते. घटोत्कच संबळ किंवा हलगी घेऊन आला तर त्याच्या येण्याची वर्दी देणारे वेगळे संगीत लागत नाही. राजवाड्यात सखीने तानपुरा घेणे ही तर जुनी रीत आहे.

ज्या नाटकांचा सगळा डोलारा लांब, तानबाजीच्या गायकीवर उभा आहे ती पहिल्या खेपेला घेऊ नका. अशा गायकीला समोर पूर्ण लक्ष देणारा तबलजी आणि पेटीवाला लागतो. तो त्याच वेळी दुसरी भूमिका वठवू शकत नाही.

हक्कांचे काय? परवानगी कोणाची घ्यावी लागते?

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (1957) लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षे टिकतो. संगीत नाटककारांपैकी किर्लोस्कर 1885 मध्ये, देवल 1916 मध्ये, गडकरी 1919 मध्ये आणि खाडिलकर 1948 मध्ये गेले. त्यांच्या संहिता आता मुक्त आहेत. पण संगीताचा हिशेब वेगळा करावा लागतो. खाडिलकरांच्या ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ते 1955 मध्ये गेले, म्हणून त्याही मुक्त झाल्या. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर 1974 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चालींवर 2034 अखेरपर्यंत हक्क आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) सारख्या नंतरच्या नाटकात लेखक आणि संगीतकार दोघांच्याही वारसांची लेखी परवानगी हवीच.

जुन्या नाटकात नंतर कुणी चाल बदलली असेल तर तुम्ही गात असलेली चाल कुणाची हे शोधा. ध्वनिमुद्रिका ऐकून उचललेली चाल पुष्कळदा मूळ नसते. जाहीर प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. कापून तयार केलेली, प्रत्यक्ष सादर होणारी प्रतच पाठवा.

मूळ नाटक रात्रभर चालायचे. किती कापावे?

मध्यंतरासह अडीच तास हे माप धरा. संवादांना 75 मिनिटे, पदांना 60 मिनिटे, मध्यंतर 15 मिनिटे. एका पदाला सरासरी तीन मिनिटे धरली तर वीस पदे बसतात.

कापताना बहुतेक मंडळी आधी साक्या आणि दिंड्या (ठरलेल्या वृत्तांतली छोटी पदे) उडवतात आणि ‘मोठी’ पदे ठेवतात. या पद्धतीत ते उलट करा. साकी 28 मात्रांची (16 आणि 12), दिंडी 19 मात्रांची (9 आणि 10). दोन्हींची चाल सोपी असते, त्या बोलल्यासारख्या म्हणता येतात, आणि नुसती एकतारी किंवा टाळाची एक जोडी त्यांना पुरते. नट चालता चालता, दुसऱ्याकडे वाद्य सोपवता सोपवता साकी म्हणू शकतो. दोन मोठ्या पदांमध्ये वाद्ये हलवायला जो अर्धा मिनिट लागतो तो साकी भरून काढते. जी मोठी पदे कथा पुढे नेत नाहीत, एकाच भावनेची दुसरी-तिसरी आवृत्ती असतात, ती आधी काढा. अंतरे कमी करा, पण ध्रुवपद आणि पहिला अंतरा यांच्या शब्दांना हात लावू नका. लोक ते ओठांवर घेऊन आलेले असतात.

किती नट आणि कोणती वाद्ये लागतात?

नऊ ते दहा. त्याहून कमी असले तर एखादे पद वाजवायला माणूसच उरत नाही, जास्त झाले तर छोट्या रंगमंचावर वाद्यांचीच गर्दी होते. ‘सौभद्र’साठी चालणारी एक वाटणी अशी:

- सूत्रधार: तबला. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगमंचावरच राहतो.
- रुक्मिणी: हार्मोनियम
- सुभद्रेची सखी: व्हायोलिन, प्रसंगी तानपुरा
- कृष्ण: बासरी
- बलराम: पखवाज
- नारद: चिपळ्या, आणि इतर वेळी दुसरी हार्मोनियम
- अर्जुन: यतिवेषात एकतारी
- घटोत्कच: संबळ, हलगी
- सुभद्रा: टाळ, तानपुरा
- दहावा माणूस: दूत, सेवक अशा लहान भूमिका, तुणतुणे आणि गरज पडेल तिथे तबला

शेवटच्या ओळीतला माणूस सर्वांत महत्त्वाचा समजा. सूत्रधाराला बोलायचे असते तेव्हा ठेका हाच धरतो. नेमका तोच नट कच्चा निवडण्याची चूक फार होते.

कोणी कधी वाजवायचे हे ठरवायचे कसे?

तालमी सुरू होण्याआधी एक मोठा तक्ता करा. उभ्या रकान्यात पदे क्रमाने, आडव्या ओळीत नट. प्रत्येक घरात चारांपैकी एक खूण: गातो, बोलतो, वाजवतो, विंगेत आहे. विंगेत असलेला नट कपडे बदलत असेल तर तेही लिहा. मग पाहा: प्रत्येक पदाला निदान एक स्वरवाद्य आणि एक तालवाद्य मोकळे आहे का? जिथे नाही तिथे प्रवेशाची मांडणी बदला, नाहीतर पदाची साथच कमी करा.

काही नियम अनुभवाने पक्के झाले आहेत. आपल्या मुख्य पदात नटाने स्वतः अवघड वाद्य वाजवू नये. पेटीवर डावा हात भात्याला आणि उजवा पट्ट्यांवर अडकतो, म्हणजे हातवारे गेले. तबल्यावर दोन्ही हात गेले. बासरीवाला तर गाऊही शकत नाही आणि बोलूही शकत नाही. म्हणून कृष्णाने स्वतःच्या पदात ओळ गावी आणि ओळींमधल्या मोकळ्या जागा बासरीने भराव्यात. यतीची एकतारी मात्र अपवाद आहे. ती वाजवणे हीच तिथे भूमिका आहे.

तक्ता भरून झाला की खरा प्रश्न विचारा: हे पात्र या क्षणी हे वाद्य का वाजवते? रुसलेल्या रुक्मिणीची कृष्ण समजूत काढतो त्या प्रवेशाचे पाहा. पेटी रुक्मिणीपुढे आहे. सुरुवातीला ती नुसता षड्ज (सा) धरते आणि भाता इतका थोडा हलवते की सूर मरत मरत येतो. कृष्ण एका ओळीनंतर थांबतो, ती पुढची जागा भरत नाही. तिसऱ्या ओळीला ती नकळत त्याची चाल धरते आणि प्रेक्षकाला राग निवळल्याचे कळते, एकही शब्द न वाढवता. असे चार-पाच क्षण सापडले तरच ही पद्धत वापरण्यात अर्थ आहे. नाहीतर वादक विंगेत ठेवून नाटक करणे अधिक चांगले, आणि त्यात काही कमीपणा नाही.

स्त्री आणि पुरुष नटांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. तबला कितीदा लावायचा?

पुरुषांना काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) आणि स्त्रियांना काळी चार दिली तर एकाच तबल्यावर बहुतेक नाटक निघते. काळी एकमध्ये लावलेला डाया (जोडीतला उजव्या हाताचा तबला) पुरुषांच्या पदांत षड्ज देतो. काळी चारचा शुद्ध मध्यम म्हणजे काळी एकच, म्हणून स्त्रियांच्या पदांत तोच डाया मध्यमात बसतो. साधारण साडेपाच इंच तोंडाचा डाया त्यासाठी घ्या.

अडचण येते ती शुद्ध मध्यम वर्ज्य असलेल्या रागांत. भूप किंवा देसकारातले पद स्त्री काळी चारमधून गाणार असेल तर मध्यमातला तबला प्रत्येक समेवर टोचतो. त्या पदासाठी पंचमातला, म्हणजे काळी दोनमध्ये लावलेला, थोड्या लहान तोंडाचा दुसरा डाया जवळ ठेवा. चालू प्रयोगात हातोडीने पूर्ण एक स्वर चढवायचा प्रयत्न करू नका. पुडी फाटते, आणि ठोकण्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

एखाद्या नटाला काळी एक जड जात असेल तर एकट्याची पट्टी बदलू नका. सगळी जोडीच अर्ध्या स्वराने खाली आणा: पांढरी एक आणि पांढरी पाच. मध्यमाचे नाते तेच राहते.

हार्मोनियम, बासरी आणि व्हायोलिन एकमेकांशी जुळत नाहीत. कारण काय?

पेटी प्रयोगाच्या जागी लावता येत नाही, म्हणून सगळ्यांनी पेटीकडे यायचे. जुन्या पेट्या आजच्या प्रमाण स्वराशी जुळतीलच असे नाही. बासरी विकत घेताना पेटी सोबत न्या. तानपुऱ्याचे अ‍ॅप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर त्याची बारीक पट्टी पेटीला मिळवा. दोन पेट्या वापरणार असाल तर दोन्हींवर एकच स्वर धरून ऐका. आवाज सेकंदाला दोनदा लहरला तर दोन स्वरांत दोन कंपनांचा फरक आहे. त्या दोन पेट्या एकाच पदात एकत्र वाजवू नका. एक कारागिराकडे पाठवा.

आपल्याकडचा उन्हाळा यात भर घालतो. हवा तापली की बासरीचा स्वर चढतो, आणि पेटीच्या धातूच्या स्वरपट्ट्या किंचित उतरतात. म्हणजे दोघी विरुद्ध दिशांना जातात. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड किंवा परभणीच्या बंद सभागृहात दुपारी केलेली जुळणी रात्री वातानुकूलन सुरू झाल्यावर उपयोगाची राहत नाही. जुळणी प्रयोगाच्या वेळच्या तापमानात, प्रकाशयोजना पेटवून करा. उन्हाळ्यासाठी किंचित उतरलेली दुसरी बासरी हाताशी ठेवा.

तबला पहिल्या अंकात सुरात असतो आणि दुसऱ्यात चढतो किंवा उतरतो. उपाय काय?

कातडे कोरडे आणि गरम झाले की ताणते आणि स्वर चढतो. दमट हवेत ते सैल पडते आणि स्वर उतरतो. हजार वॉटचे जुने हॅलोजन दिवे थेट तबल्यावर असतील तर पंधरा मिनिटांत फरक ऐकू येतो. तबल्याच्या जागेवर एलईडी दिवे द्या, किंवा जागाच दोन हात सरकवा. पावसाळ्यात प्रयोगाआधी तास-दीड तास तबला रंगमंचावर उघडा ठेवा, म्हणजे तो तिथल्या हवेला सरावतो. गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) अगदी वर किंवा अगदी खाली नकोत, मधोमध असावेत. तरच दोन्ही बाजूंना खेळायला जागा राहते. पखवाजाच्या धुमेची (खर्जाच्या बाजूची) कणीक मध्यंतरात बदला. उन्हाळ्यात ती सुकून तडकते आणि खर्ज नाहीसा होतो.

उभे राहून पेटी आणि तबला कसे वाजवायचे?

आषाढीच्या दिंडीत चालता चालता गळ्यात अडकवून पेटी आणि पखवाज वाजवतात, तीच रीत घ्या. पेटी हलकी निवडा. स्वरबदल यंत्रणेची जड पेटी गळ्यात अडकवून एक पदही निघत नाही. पट्टा रुंद, सुती आणि दोन्ही खांद्यांवरून क्रॉस येणारा शिवून घ्या. एका खांद्यावरचा अरुंद पट्टा मान आखडवतो आणि त्याचा परिणाम लगेच आवाजावर होतो.

तबला उभ्याने वाजवायचा असेल तर कमरेइतका उंच, चार पायांचा ठोकळा लागतो. त्यावर रिंगा पक्क्या बसवा, तळाला रबर लावा. एरवी तबला एका जागी, नऊ ते बारा इंच उंच चौथऱ्यावर, रंगमंचाच्या मागच्या मध्यावर ठेवणे सर्वांत सोयीचे. सगळ्यांना सूत्रधाराचा हात दिसतो. आणि हात दिसणे फार गरजेचे आहे, कारण आवाजाला दहा मीटर जायला सुमारे 30 मिलिसेकंद लागतात. रुंद रंगमंचाच्या दोन टोकांना उभे असलेले दोघे फक्त कानावर विसंबले तर द्रुत लयीत हमखास मागे-पुढे होतात. अशा वेळी नट घाई करतो, तबलजी त्याला धरायला लय वाढवतो आणि पद पळत सुटते.

समोर बसून इशारा देणारा संगीत दिग्दर्शक नाही. मग पद सुरू कसे होणार?

प्रत्येक पदाला एकच धुरकरी नेमा आणि त्याचे नाव तक्त्यात लिहा. तो गाणारा नसावा. त्याने श्वास घेताना खांदे किंचित उचलले की सगळ्यांनी त्याच श्वासात यायचे. पदाच्या आधीचा शेवटचा संवाद सुरू असतानाच तानपुरा किंवा पेटीचा षड्ज हलकेच सुरू झाला पाहिजे, म्हणजे गायकाला सूर शोधावा लागत नाही. तानपुऱ्याचे अ‍ॅप वापरत असाल तर दोन फोन ठेवा, एक काळी एकवर, दुसरा काळी चारवर, दोन्ही विमानस्थितीत (फ्लाइट मोडवर). पदाच्या मध्ये आलेल्या फोनने पट्टी गेली की ती सावरायला अख्खा अंतरा जातो.

शेवटही पक्का करा. तिहाई (एकच तुकडा तीनदा) घ्यायची की नुसत्या समेवर थांबायचे हे प्रत्येक पदासाठी ठरलेले हवे.

नटाला वाद्य शिकवायचे की वादकाला अभिनय?

वाद्यावर अवलंबून आहे. टाळ, चिपळ्या, एकतारी, तुणतुणे, दिमडी हे लयीचे अंग असलेल्या नटाला महिना-दीड महिन्यात पदापुरते येते. पेटीवर सूर धरणे आणि सोपी चाल वाजवणे यासाठी रोज तासभर दिला तर तीन महिने धरा. तबला, व्हायोलिन, बासरी यांच्यासाठी वादकच घ्या आणि त्याला उभे राहायला, ऐकायला, चार वाक्ये स्वच्छ बोलायला शिकवा. अर्धवट वाजणारे व्हायोलिन चांगल्या गळ्यालाही बेसूर करते. संबळाचेही तसेच. दोन वेगवेगळ्या काठ्यांनी त्यातून गोंधळाचा जो बाज निघतो तो तालमीपुरत्या शिकवणीत येत नाही.

निवड चाचणी वीस मिनिटांची, तीन टप्प्यांची ठेवा. आधी हातावर ठेका धरून पद म्हणायला सांगा. मग स्वतःच्या वाद्यावर धुमाळी किंवा केरव्याचा ठेका चालू ठेवून समोरच्याशी संवाद बोलायला सांगा. शेवटी वाद्य दुसऱ्याला देऊन लय न तुटता बाजूला होता येते का पाहा. दुसरा टप्पा अवघड जाणारे पुष्कळ असतात, तो सरावाने येतो. तिसऱ्यात ज्याचे लक्ष जोडीदाराकडे नसते तो मात्र सुधारायला फार वेळ घेतो.

मराठवाड्यात असे कलावंत कुठे सापडतात?

वारकरी कीर्तन शिक्षण संस्थांत पखवाज आणि पेटी शिकलेली तरुण मुले-मुली तालुक्यातालुक्यात आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारे विद्यार्थी, शाळांतले संगीत शिक्षक, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभागाचे विद्यार्थी, नांदेडला शबद-कीर्तनात तबला वाजवणारे. गोंधळी आणि शाहीर घराण्यांतले कलावंत तर पिढ्यान्‌पिढ्या या कामात मुरलेले आहेत. त्यांना ‘लोककलेचा रंग’ म्हणून एका प्रवेशापुरते बोलावू नका. भूमिका द्या, मानधन इतर नटांइतके द्या, नाव त्याच अक्षरांत छापा.

तारखा ठरवताना त्यांचे वर्ष ओळखा. नवरात्रात संबळवाला मिळत नाही, लग्नसराईत त्याच्या रात्री गोंधळाच्या असतात. आषाढीच्या आधी तीन-चार आठवडे पखवाजवाले दिंडीबरोबर पंढरीच्या वाटेवर असतात. पैठणहून नाथांची पालखी निघाली की त्या भागात तालीम ठेवून उपयोग नाही. कार्तिकीनंतर तालमी आणि माघाअखेर पहिले प्रयोग, हा काळ हवामानालाही चांगला.

वाद्यांच्या बाबतीत काही मर्यादा पाळाव्यात का?

हो, आणि त्या मनापासून पाळाव्यात. सप्ताहातली वीणा खाली ठेवत नाहीत. नारदासाठी मंदिरातली वीणा मागून आणू नका, रंगमंचासाठी वेगळी करून घ्या. देवीच्या गोंधळात वाजणारा संबळ ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात देऊ नका. वाद्य ओलांडून जाणे, त्याच्यावर बसणे, लाथेने सरकवणे हे विनोदी प्रवेशातही नको. पुढच्या रांगेतली आजी त्यानंतरचा सगळा प्रवेश दुखावलेल्या मनाने पाहते.

तालमीचे वेळापत्रक किती आठवड्यांचे असावे?

आठवड्यातून पाच दिवस, रोज अडीच तास, असे चौदा आठवडे धरा. पहिले दोन वाचन, कापणी आणि तक्ता यांना. पुढचे चार आठवडे गोल बसून फक्त पदे, हालचाल अजिबात नाही. या टप्प्यात घाई केली की पुढे सगळे दोष एकदम निघतात आणि कोणता कशामुळे हे कळत नाही. मग चार आठवडे हालचाल, पण वाद्याशिवाय. हातात पेटीच्या वजनाचे खोके, बासरीच्या जागी काठी. त्यानंतर तीन आठवडे वाद्यांसह. शेवटचा आठवडा रंगीत तालमींचा.

पाठांतर सातव्या आठवड्याच्या आत पूर्ण हवे. कागद हातात असलेला नट वाद्य घेऊच शकत नाही. वेशभूषाही लवकर आणा. लांब बाह्या पेटीच्या पट्ट्यांत अडकतात, बांगड्या तबल्यावर वाजतात, शेला व्हायोलिनच्या गजात गुंततो, आणि मुकुटाचा पुढचा भाग बासरी आडवी धरू देत नाही.

ध्वनिव्यवस्था कशी करावी?

आठ-नऊशे प्रेक्षकांच्या सभागृहात माईक लागतातच. कानाजवळचे बिनतारी माईक मुख्य गाणाऱ्यांना द्या. व्हायोलिन डाव्या बाजूला धरले जाते, म्हणून त्या नटीचा माईक उजव्या गालावर. बासरीवाल्याचा माईक ओठाजवळ नको, फुंकर थेट त्यात जाते. तो केसांच्या रेषेजवळ, कपाळावर लावा. तबल्याला दोन माईक, एक डायाला, एक डग्ग्याला. फिरत्या वाद्यांना स्वतंत्र माईक देण्यापेक्षा रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन सपाट माईक ठेवा आणि वाजवणारा नट ठराविक जागी येईल अशी हालचाल बांधा.

संबळ आणि हलगीला माईक देऊ नका. त्यांचा आवाज आधीच इतरांच्या माईकमधून जातो.

वीज जाते. जनरेटरवर गेल्यावर सभागृहाची अर्थिंग कच्ची असेल तर स्पीकरमधून घुंईऽऽ असा आवाज येतो, आणि तो तानपुऱ्याच्या षड्जाशी भांडतो. प्रयोगापूर्वी एकदा जनरेटरवर सगळी व्यवस्था चालवून ऐका. वीज गेली तरी थांबू नका. हे नाटक विजेविना चालू शकते, हेच त्याचे बळ आहे. सगळ्यांनी दोन पावले पुढे यायचे आणि मोकळ्या गळ्याने पद पूर्ण करायचे, याची एक तालीम वेगळी घ्या.

सगळी वाद्ये सतत वाजत राहावीत का?

नाही. दहा नट हातात वाद्ये घेऊन उभे असले की प्रत्येकाला काहीतरी वाजवावेसे वाटते आणि शब्द बुडतात. नांदीला सगळे वाजू द्या, लग्नाच्या गडबडीत वाजू द्या. पण सुभद्रेच्या ‘वद जाऊं कुणाला शरण’ला तानपुरा आणि दूरवरून एक व्हायोलिन एवढेच पुरे, ठेकाही अगदी दबका. त्या पदात बाकीच्यांनी आपापली वाद्ये खाली ठेवून तिच्याकडे पाठ केली, तर तिला कुणी उरले नाही हे पदाच्या शब्दांइतकेच स्पष्ट होते. संगीत नाटकात शब्द पोचणे पहिले. पदाचा एखादा शब्द सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशी कळत नसेल तर आधी वाद्य काढा, मग गायकाला दोष द्या.

‘वन्स मोअर’ आला तर?

आधीच ठरवा. वीसपैकी कोणती तीन-चार पदे पुन्हा घेता येतील हे तक्त्यावर लाल खुणेने दाखवा. ज्या पदाच्या शेवटी वाद्य हस्तांतरित होते किंवा नट बाहेर जातो, ते पुन्हा घेता येत नाही. जिथे घेता येते तिथे पूर्ण पद न गाता फक्त शेवटचा अंतरा घ्यावा आणि धुरकऱ्याने मान हलवून संमती दिल्यावरच. गायकाने परस्पर सुरुवात केली की तबल्याचा माणूस उठून गेलेला असतो.

गावोगावच्या प्रयोगांसाठी वाद्ये कशी न्यावीत?

टेम्पो उन्हात उभा ठेवून जेवायला जाऊ नका. बंद गाडीच्या उष्णतेत व्हायोलिनचा सरस सुटतो आणि सांधे उघडतात, तबल्याच्या पुड्या ताणून तडकतात. पेटी उभी न ठेवता आडवी, भात्याची खीळ लावून, गोधडीत गुंडाळून ठेवा. संभाजीनगर ते नांदेड पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आहे. तो रात्री करा आणि पोचल्यावर वाद्ये निदान दोन तास सभागृहात मोकळी राहू द्या. धुळीचा कण स्वरपट्टीखाली अडकला की तो स्वर मुका होतो किंवा सतत वाजत राहतो. बारीक पेचकस आणि मऊ कुंचला पेटीच्या पेटाऱ्यातच ठेवावा. सोबत जादा वादी, गठ्ठ्यांचा एक संच, तबल्याची हातोडी, व्हायोलिनच्या तारांचा पूर्ण संच, राळ, तुणतुण्याची तार आणि फोनसाठी बॅटरी. वाद्ये घरी किंवा तालमीच्या खोलीत ठेवताना जमिनीवर नकोत. उंदीर भात्याचे कातडे आधी कुरतडतात.

एखादा नट आजारी पडला तर प्रयोग रद्द करावा लागतो का?

या पद्धतीत एक माणूस गेला म्हणजे भूमिका, गळा आणि वाद्य असे तिन्ही एकदम जातात, त्यामुळे नुसता बदली नट पुरत नाही. प्रत्येक वाद्यासाठी गटातला दुसरा माणूस आणि प्रत्येक पदासाठी साथीची कमी केलेली आवृत्ती आधीच लिहून ठेवा: व्हायोलिन नसेल तर दुसरी पेटी, तीही नसेल तर नुसता तानपुरा. तबल्यासाठी दहावा माणूस आहेच, मात्र तेव्हा त्याचे दूताचे काम सखीकडे द्यावे लागते, आणि त्या एका प्रवेशात व्हायोलिन वाजणार नाही हेही लिहिलेले हवे. दर चौथ्या तालमीला चिठ्ठी काढून एका नटाला प्रेक्षकांत बसवा आणि उरलेल्यांनी त्याच्याशिवाय पूर्ण अंक करा. सूत्रधाराची चिठ्ठी निघेल त्या दिवशी तालीम एक तास लवकर सुरू करा.